लिंक टाकलीये, बघून घ्या!

आमच्या तालुक्याला एसटी वेळेवर येत नाही, पण इराणहून शॉर्टफिल्म वेळेवर येते. थट्टा नाही ही. फिल्मफ्रीवे नावाची वेबसाइट २०१४ पासून चालू आहे. महोत्सववाले तिथं आपलं दुकान मांडतात आणि फिल्मवाले तिथूनच फिल्म पाठवतात. प्रवेश शुल्काच्या रकान्यात शून्य भरलं की काम झालं. बघता बघता तेहरान, इस्तंबूल, साओ पावलो, जिकडून तिकडून फिल्म येऊन पडतात. पाठवणाऱ्याला आपलं गाव कुठल्या जिल्ह्यात येतं ते ठाऊक नसतं, आपल्याला त्याचं आडनाव वाचता येत नाही. व्यवहार चोख. बाहेरच्या देशातली एक फिल्म आली की पोस्टरवर ‘आंतरराष्ट्रीय’ लिहायला आपण मोकळे. ती नेपाळची निघाली तर ग्रुपवर थोडी कुरकुर होते, पण चालवून घेतात.

तर सध्या ऑनलाइन आंतरराष्ट्रीय शॉर्टफिल्म महोत्सवांचं पीक जोरात आहे. भरवणारी मंडळी कॉलेजातली किंवा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. मानधन नाही, प्रवासखर्च नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने आपापल्या घरी प्यायचा, तोही आईने केलेला. या पोरांच्या उत्साहाबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांच्या वयाची निम्मी पोरं रील बघत पडलेली असताना ही मुलं दुसऱ्याची फिल्म तिसऱ्याला दाखवायला झटतात. झटतात म्हणजे पोस्टर करतात.

महोत्सवाचा जन्म लोगोतून होतो. फिल्म नंतर. मांडव पडला, पत्रिका वाटून झाल्या, आता मुलगी बघायला जाऊ, असा तो क्रम. लोगोवर पंधरा दिवस खल चालतो. पोस्टरवर काय काय हवं याबद्दल मात्र मतभेद नसतात: रीळ, क्लॅपबोर्ड, दिग्दर्शकाची घडीची खुर्ची आणि पॉपकॉर्न. या चारातली एकही वस्तू या महोत्सवात कुठेच नसते. रीळ तर समितीतल्या कुणी डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं. फिल्म मोबाइलवर काढलेली, मोबाइलवर कापलेली, मोबाइलवर बघायची. पण पोस्टरवर मोबाइल टाकला तर ‘प्रोफेशनल वाटत नाही’.

मग पदवाटप. फेस्टिव्हल डायरेक्टर, को-डायरेक्टर, क्रिएटिव्ह हेड, सोशल मीडिया हेड, आउटरीच हेड, स्पॉन्सरशिप हेड. सगळे हेड, धड एकही नाही. ग्रुपही तितकेच. ‘कोअर टीम’, ‘कोअर टीम फायनल’ आणि तिसरा ‘सर नसलेला ग्रुप’. खरा महोत्सव या तिसऱ्या ग्रुपवर ठरतो.

बैठक रात्री साडेनऊला, गुगल मीटवर. ती अशी चालते.

“आवाज येतोय का सगळ्यांना?”

“येतोय.”

“मला येत नाहीये.”

“मग तुला हे कसं कळलं?”

“चॅटमध्ये वाचलं.”

यानंतर सोशल मीडिया हेड स्क्रीन शेअर करते. स्क्रीनवर महोत्सवाच्या पोस्टरऐवजी तिचं अर्धवट भरलेलं रेझ्युमे दिसतं आणि त्यात महोत्सवाचं पद आधीच टाकलेलं असतं. कुणी काही बोलत नाही, कारण सगळ्यांनीच टाकलेलं असतं. मग काउंटडाउनचं नियोजन. ‘दहा दिवस बाकी’, ‘नऊ दिवस बाकी’ अशी दहा पोस्टर. प्रत्येकाला वेगळा रंग. हॅशटॅग एक की दोन, यावर अर्धा तास. ‘फेस्ट’ लिहायचं की ‘फेस्टिव्हल’, यावर वीस मिनिटं. शेवटी कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, “आलेल्या फिल्म कुणी बघितल्या का?” त्यावर डायरेक्टर म्हणतो, “तो पॉइंट नेक्स्ट मीटिंगला घेऊ.”

प्रसिद्धीचं ब्रह्मास्त्र म्हणजे सेलिब्रिटीची बाइट. मालिकेत तिसऱ्या सुनेचा भाऊ झालेल्या नटाला गाठतात. तो शूटिंगला जाताना गाडीतच व्हिडिओ करून देतो. गळ्यात सीटबेल्ट, कपाळावर ऊन, पाठीमागे टोलनाका. “नमस्कार मंडळी, मला कळलंय की…” अशी सुरुवात करून तो महोत्सवाचं नाव चुकीचं घेतो. आता पुन्हा मागायची पंचाईत. मग तो चुकलेला शब्द झाकायला मागे ढोलताशा वाजवतात आणि बाइट ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणून सोडतात.

प्रायोजक मिळवणं हे सगळ्यात घामाचं काम आणि ते बहुधा घामाची सवय असलेल्या पोराच्याच गळ्यात पडतं. तो भर उन्हात दुकानं पालथी घालतो. चहावाला म्हणतो, लोक घरी बसून बघणार तर माझा चहा पिणार कोण? बिनतोड प्रश्न. शेवटी तलाठी भरतीची तयारी करून घेणारी अकॅडमी तयार होते. त्यामुळे विश्वचित्रपटातली एक हळवी इराणी फिल्म ‘बॅच सुरू, मर्यादित जागा’ या पट्टीसह दिसते.

प्रसिद्धी करू नये, असं माझं म्हणणं नाही. प्रसिद्धीशिवाय सिनेमा या देशात कधीच चालला नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ला पैसा उभा करायचा म्हणून १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडी थोडी फिल्म घेतली आणि ‘अंकुराची वाढ’ नावाचा मिनिटभराचा तुकडा केला. रोप भराभर वाढताना बघून ओळखीतल्यांनी भांडवलाला हात दिला. आजच्या भाषेत ती प्रमोशनल शॉर्टफिल्मच. पुढे सुरतेला ‘हरिश्चंद्र’ लावला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये जमला, असं सांगतात. तिथल्या लोकांना दोन आण्यांत कितीतरी तासांचं नाटक मिळत होतं, मग दीड तासाला तीन आणे कोण देणार? फाळक्यांनी जाहिरात फिरवली: ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! मापानेच घ्यायचं असेल तर हे घ्या माप. गर्दी लोटली. पण एक बारकावा बघा. जाहिरात करायच्या आधी चित्र तयार होतं आणि फाळक्यांनी ते स्वतः पाहिलेलं होतं.

त्याहीआधी, १८९९ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात घेतली. म्हणजे मराठी माणसाने केलेली पहिली फिल्म शॉर्टफिल्मच होती. त्यांना कुठलं लॉरेल मिळाल्याची नोंद नाही.

आता लॉरेल म्हणजे काय, हे जुन्या वाचकांना सांगायला हवं. पोस्टरच्या माथ्यावर पानांच्या दोन डहाळ्या असतात, मध्ये ‘ऑफिशियल सिलेक्शन’ लिहिलेलं असतं आणि खाली महोत्सवाचं नाव, मुंगीच्या अक्षरात. कानचं असो वा कन्नडचं, डहाळ्या सारख्याच. पोरं त्या गोळा करतात. एकेका पोस्टरवर इतकी पानं, की खाली नायकाचा चेहरा शोधावा लागतो. ही मागणी ओळखून काही महोत्सव दर महिन्याला भरतात. पुरस्कारही त्या हिशेबाने: उत्कृष्ट फिल्म, उत्कृष्ट मोबाइल फिल्म, उत्कृष्ट पहिली फिल्म, उत्कृष्ट सामाजिक संदेश, उत्कृष्ट पहिली मोबाइल सामाजिक संदेश. आलेल्या फिल्म संपल्या तरी पुरस्कार उरतात.

यात पोरांना झोडपून फायदा नाही. प्रमाणपत्राची चटक लावली आपणच. टाळेबंदीत प्रत्येक कॉलेजने ऑनलाइन प्रश्नमंजुषा काढल्या होत्या, आठवतं? दहा प्रश्न, पाच बरोबर आले की ई-प्रमाणपत्र ईमेलवर हजर. जागतिक चिमणी दिनापासून कोविड जागृतीपर्यंत. लोकांनी फायली भरल्या. प्राध्यापकांना नॅकच्या अहवालात ‘आंतरराष्ट्रीय उपक्रम’ हा रकाना भरायचा असतो, प्राचार्यांना फोटो हवा असतो, पोरांना रेझ्युमेत ओळ हवी असते. तिघांची गरज एका लिंकवर भागते. आता तर प्रेक्षकालाही प्रमाणपत्र देतात. फिल्म बघा, फॉर्म भरा, ‘जागरूक प्रेक्षक’ म्हणून डिजिटल सहीचा कागद मिळवा. फॉर्मची लिंक फिल्मच्या वरच असल्यामुळे फिल्म उघडायची गरज पडत नाही.

ही ऑनलाइनची पद्धत मुळात आली नाइलाजाने. ६ मार्च २०२० ला अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराने साउथ बाय साउथवेस्ट महोत्सव रद्द केला आणि मग जगभर एकेक पडदा खाली आला. मे महिन्याच्या अखेरीला वीसेक मोठे महोत्सव एकत्र आले आणि ‘वी आर वन’ नावाने २९ मे ते ७ जून यूट्यूबवर फुकट फिल्म दाखवल्या. आपली मुंबईची मामीही त्यात होती. गोव्याचा इफ्फी नोव्हेंबरवरून जानेवारी २०२१ वर गेला आणि अर्धा पणजीत, अर्धा लोकांच्या मोबाइलवर झाला. जर्मनीतल्या ओबरहाउझेनने तर मे २०२० मध्येच सगळा शॉर्टफिल्म महोत्सव इंटरनेटवर नेला, आणि पास विकून. घरबसल्या बघणाऱ्याने पैसे मोजले. पैसे मोजलेला माणूस फिल्म शेवटपर्यंत बघतो, हा नियम सुरतेच्या तीन आण्यांपासून चालत आला आहे.

महामारी गेली, जगातले पडदे पुन्हा वर गेले. आपल्याकडे मात्र ऑनलाइन राहिलं. कारण उघड आहे. सभागृहाला भाडं लागतं, जनरेटर लागतो, पोलिसांची परवानगी लागते, पाहुण्यांना नारळ-शाल लागते. शिवाय जाहीर प्रदर्शन म्हटलं की १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा, प्रमाणपत्र, नाहीतर दिल्लीहून सूट. याच प्रमाणपत्रावरून २००४ मध्ये मुंबईत मोठी ठिणगी पडली होती. माहितीपट आणि लघुपटांच्या सरकारी मिफ महोत्सवाने भारतीय फिल्मना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. फिल्मवाले खवळले, त्यांनी मुंबईतच ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव उभा केला आणि स्वतः राबून चालवला. त्यांना काहीतरी दाखवायचंच होतं, कुणी नको म्हणत असताना. आमच्या पोरांना कुणी नको म्हणतच नाही. अडवायला आधी कुणीतरी बघावं लागतं.

स्वयंसेवक पोरांनी महोत्सव भरवावा तर कसा, याचा दाखला फ्रान्सात आहे. क्लेरमाँ-फेराँ हे मिशलँ टायरचं कारखानदारी गाव. १९७९ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या फिल्म मंडळातल्या विद्यार्थ्यांनी शॉर्टफिल्मचा एक आठवडा केला. फिल्म आणल्या, लोकांना बोलावलं, दाखवल्या. पुढच्या वर्षी पुन्हा. आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू करायला त्यांना १९८८ उजाडावं लागलं. आपल्याकडे ते पोस्टरच्या पहिल्या मसुद्यातच उरकतं. आज तो शॉर्टफिल्मचा जगातला सगळ्यात मोठा महोत्सव आहे, तिथल्या थिएटरांत दर वर्षी दीड लाखाच्या वर तिकिटं फाटतात आणि भर थंडीत रांगेत उभे राहणारे बरेचसे लोक त्याच गावचे असतात. ओबरहाउझेनची गोष्टही तशीच. कोळसा-पोलादाचं गाव, १९५४ चा प्रारंभ, प्रौढांच्या शाळेत काम करणाऱ्या एका माणसाची खटपट. तिथंच १९६२ साली २६ तरुण फिल्मवाल्यांनी जाहीरनामा काढला की जुना जर्मन सिनेमा मेला. आमच्या महोत्सवाच्या जाहीरनाम्यात पहिल्या परिच्छेदात माननीय संस्थाचालकांचे आभार असतात.

आता आलेल्या फिल्म. नियमात लांबी ‘४० मिनिटांपर्यंत’, कारण ऑस्करवाल्यांची शॉर्टची व्याख्या तीच, श्रेयनामावलीसकट. फिल्म सुरू होते ती गजराच्या घड्याळाने. हात येतो, गजर बंद करतो. मग दात घासणे. मग आरशात स्वतःकडे रोखून बघणे. तिसऱ्या मिनिटाला नायक घराबाहेर पडतो आणि ड्रोन वर जातो. ड्रोन भाड्याने आणलेला असल्यामुळे तो बराच वेळ वर राहतो. वृद्धाश्रमात सोडलेला बाप, हुंडा, प्लास्टिक, मोबाइलचं व्यसन, हे विषय. शेतकऱ्याची आत्महत्या असेल तर बासरी सक्तीची. शेवटी पडदा काळा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत आकडेवारी. बासरी चालू.

पण याच ढिगात कधीतरी खरं सोनं असतं, म्हणून तर हा खटाटोप. नागराज मंजुळे नगरच्या कॉलेजात शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ केली, शाळेला जाऊ पाहणाऱ्या एका पोराची साधी गोष्ट, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उमेश कुलकर्णींची ‘गिरणी’ एफटीआयआयमधली, तिलाही. गोव्याच्या आदित्य जांभळेंची ‘आबा ऐकताय ना?’, तिलाही. तेव्हापासून प्रत्येक तालुक्यात एक भावी नागराज आहे आणि त्याने तसं इन्स्टाग्रामच्या बायोत लिहिलंही आहे. त्याची फिल्म उरलेल्यांतून वेगळी काढायची तर कुणीतरी सगळ्या बघायला हव्यात. इथंच गाडं अडतं.

मी अशाच एका महोत्सवाच्या डायरेक्टरला विचारलं, “तुला स्वतःला यातली कुठली फिल्म आवडली?”

तो खरोखर गोंधळला. “सर, मला बघायला वेळच कुठं मिळाला? मी फेस्टिव्हल करत होतो ना.”

छाननी होते ती एक्सेलवर. फिल्म वाटून दिल्या जातात, प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या बघायच्या. बघायच्या म्हणजे दुप्पट वेगाने. दुप्पट वेगात तारकोव्हस्कीसारख्या संथ दिग्दर्शकाचीसुद्धा कॉमेडी होईल, पण एका रात्रीत गुण भरायचे असतात. हा शॉर्टकट नाकारणारी एकच मुलगी त्या डायरेक्टरच्या टीममध्ये होती. तिच्याकडे पद नव्हतं. ‘टेक्निकल’ असं नुसतंच लिहिलेलं, पुढे हेड नाही. फिल्म डाउनलोड करणे, नावं बदलून ठेवणे, सबटायटल जुळवणे, आवाज तपासणे, म्हणजे ज्याचा फोटो निघत नाही ते सगळं तिच्याकडे. तिने हेडफोन लावून प्रत्येक फिल्म मूळ वेगात बघितली.

त्यात हिंगोली जिल्ह्यातल्या एका पोराची अकरा मिनिटांची फिल्म आली. शेताला वीज रात्रीचीच मिळते, म्हणून बाप-लेक मध्यरात्री उठून मोटार चालू करायला निघतात, एवढीच गोष्ट. गजर नाही, ड्रोन नाही, बासरी नाही. बॅटरीच्या उजेडात बांध, मधेच भुंकणारं कुत्रं, मग स्टार्टरच्या पेटीचा खटका. मोटार उचलत नाही. पुन्हा खटका. बाप काही बोलत नाही, नुसता चप्पल काढून पेटीजवळ बसतो. लेक बॅटरी धरून उभा. आणि मग पाइपातून आधी हवा, मग खकाणा, मग पाणी येतं, तो आवाज. मुलीने ते दोनदा ऐकलं आणि तिच्या लक्षात आलं, की हे सगळं तिला फक्त डाव्या कानात ऐकू येतंय. उजवीकडे कुलूप.

तिने फोन लावला.

“दादा, तुमच्या फिल्मला उजवीकडं आवाजच नाहीये.”

“उजवीकडं कसा येईल, ताई? मोटार डाव्या अंगालाच आहे आमची.”

“तसं नाही हो. हेडफोनच्या उजव्या कानात.”

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, “माझा उजवा बंद आहे. दिवाळीपासून.”

त्याच्या इयरफोनची एक बाजू गेली होती. सगळी फिल्म त्याने मोबाइलवर, काइनमास्टरमध्ये, एका कानाने कापली होती. दोन्ही बाजूंना आवाज असायला हवा, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. मुलीने त्याला फोनवरच समजावलं: कुठलं बटण दाबायचं, आवाज दोन्हीकडे कसा घ्यायचा, पुन्हा एक्सपोर्ट कसं करायचं. चार वेळा कॉल तुटला. रेंज यावी म्हणून तो पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर जाऊन बसला आणि तिथून रात्रभर फाइल चढवली. सकाळी सहाला मेसेज आला: ‘ताई गेली का बघा.’ गेली होती. तिने उघडली, दोन्ही कानांनी ऐकली, फोल्डरमध्ये ठेवली. मी त्या महोत्सवात पाहिलेलं महोत्सवासारखं काम म्हणाल तर हे एवढंच. त्याचं पोस्टर निघालं नाही.

मग प्रीमियरची संध्याकाळ. यूट्यूबवर उलटी मोजणी, शेजारी चॅटचा पट्टा. चॅट वाचण्यासारखा असतो. ‘जय शिवराय’, ‘नाइस ब्रो’, ‘माझी फिल्म कितीला लागेल’, ‘सर्टिफिकेट कधी मिळणार’, ‘बाळा कुठं दाबायचं ग, मावशी’. प्रत्येक फिल्मवाला आपल्या नातेवाइकांचं वऱ्हाड घेऊन येतो, आपली फिल्म संपली की वऱ्हाडासह निघून जातो. पुढच्याचं वऱ्हाड दारात उभंच असतं. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे सिनेमाच्या भवितव्यावर तळमळून बोलले, म्यूटवर. कुणाची त्यांना थांबवायची छाती झाली नाही.

तिसऱ्या फिल्मला प्रक्षेपण बंद पडलं. नायकाच्या दुःखाखाली एक गाजलेलं हिंदी गाणं होतं. ते यूट्यूबच्या यंत्राने ओळखलं. ही यंत्रणा २००७ पासून आहे. गाण्याच्या मालकाने आपली मूळ फाइल तिथं देऊन ठेवलेली असते, चढवलेला प्रत्येक व्हिडिओ यंत्र तिच्याशी ताडून बघतं आणि मालकाने सांगितलं असेल तसं अडवतं किंवा जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे वळवतं. आख्ख्या महोत्सवात आलेल्या फिल्म एकूण एक, लक्ष देऊन, मूळ वेगात ऐकणारं त्या मुलीनंतरचं हे दुसरं. तेही माणूस नव्हे.

दुसऱ्या दिवशी छापायला प्रेसनोट आली: ‘महोत्सव उत्साहात संपन्न, रसिकांचा उदंड प्रतिसाद’. ती ईमेलवर खरं तर उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळीच आली होती. आम्ही वर्तमानपत्रवाले ती दर वेळी छापतोच, जागा उरली की फोटोसकट.

निकाल मात्र थाटात लागला. परीक्षक तिघे: एक निवृत्त प्राध्यापक, एक मालिकांचे लेखक, एक चित्रपट-अभ्यासक. त्यांनी फिल्म खरंच बघितल्या, याबद्दल त्यांना दाद द्यायला हवी. पण त्यांच्याकडच्या एक्सेलमध्ये जुन्याच लिंका होत्या. नवी फाइल आल्याचं मुलीने ग्रुपवर टाकलं होतं. ते ‘तीन दिवस बाकी’च्या पोस्टरखाली गाडलं गेलं. अभ्यासकांनी उत्कृष्ट ध्वनीचा पुरस्कार हिंगोलीच्या फिल्मला जाहीर केला आणि मानपत्र वाचून दाखवलं. उजव्या बाजूचं संपूर्ण मौन हे व्यवस्थेचं मौन आहे, दिग्दर्शकाने शेतकऱ्याचा आवाज हेतुपूर्वक एकाच कानापुरता ठेवून प्रेक्षकाला अपराधी केलं आहे, अशा प्रयोगाचं धाडस मराठीत क्वचित दिसतं. नंतर विजेती फिल्म दाखवली, ती दोन्ही कानांची. चॅटमध्ये टाळ्यांची चित्रं पडली. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

रात्री त्या पोराचा मुलीला फोन आला.

“ताई, सगळे अभिनंदन करायलेत. प्राचार्यांचा पण फोन आलता. आता पुण्याच्या एका महोत्सवाला पाठवायचीय. मग कुठली पाठवू, एका कानाची का दोन कानांची?”